परदेशात गेल्यावर नेहमीचं किराणा सामान कसं शोधायचं: पुढचं नाव सोडा, पाकिटाच्या मागे वाचा

नवीन देशात गेल्यावर सुरुवातीला सगळ्यांचं एकच होतं, सुपरमार्केटमध्ये पिठाच्या रॅकसमोर उभं राहायचं, चार-पाच पाकिटं उलटीसुलटी करायची आणि शेवटी चित्र बघून एक उचलायचं. घरी आल्यावर कळतं की त्यात यीस्ट आधीच मिसळलेलं आहे किंवा ते पीठच नाही, स्टार्च आहे. भाषा येत नाही म्हणून हे होतं असं वाटतं पण भाषा आली तरी होतं, कारण नुसतं नाव भाषांतर करून भागत नाही, एकाच नावाखाली दोन देशांत दोन वेगळ्या वस्तू विकतात. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, नावावर फार जाऊ नका. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, टक्केवारी (प्रोटीन, फॅट, आम्ल) आणि घटकांची यादी या तीन गोष्टी कुठल्याही देशात खोटं बोलत नाहीत आणि त्यातल्या शेवटच्या दोन बहुतेक वेळा पाकिटाच्या मागेच असतात, शास्त्रीय नाव काही वेळा असतं.

निघण्याआधी काय करून ठेवायचं

आधी एक यादी करा, पण "काय काय लागतं" अशी नाही, तर मागच्या महिन्याभरात खरंच काय संपलं त्याची. बहुतेकांची यादी वाटते त्यापेक्षा लहान निघते. मग प्रत्येक वस्तूपुढे तिचं काम लिहा: आंबटपणासाठी, दाटपणासाठी, वासासाठी, फुगण्यासाठी, तेलात तडतडायला, नुसता रंग यायला. हे काम लिहिणं कंटाळवाणं वाटेल पण पुढे पर्याय शोधताना सगळा खेळ याच रकान्यावर चालतो, कारण आंबटपणासाठी घातलेली वस्तू मिळाली नाही तर दुसरं आंबट शोधता येतं, वासासाठी घातलेली मिळाली नाही तर शक्यतो तीच शोधावी लागते.

दुसरं, तुमची घरातली वाटी आणि चमचा मोजून ठेवा. वाटीत किती मिली पाणी मावतं, तुमच्या नेहमीच्या पिठाची एक वाटी किती ग्रॅम भरते, हे लिहून ठेवलं की तिकडे वाटी नसली तरी चालतं. नेहमीच्या पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो पण काढून ठेवा, प्रोटीन किती होतं हे नंतर आठवत नाही.

सामान बरोबर न्यायचं असेल तर त्या देशाचे कस्टमचे नियम त्यांच्या सरकारी साइटवर वाचा, नातेवाइकांच्या अनुभवावर जाऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या बहुतेक देशांतून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानात पण नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाण्याची वस्तू असेल तर फॉर्मवर जाहीर करायचीच, न्यूझीलंडमध्ये जाहीर न करता धोकादायक वस्तू सापडली तर तिथल्या तिथे ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस चालत नाही, आणि हा विषय दंडावर थांबेल असं समजू नका. ताजी पानं, बिया, मुळं असलेलं काहीही बहुतेक ठिकाणी अडकतं. शंका असेल तर जाहीर करा, खसखशीसारखा अपवाद सोडला तर जाहीर केलेली वस्तू बहुतेक ठिकाणी फार तर फेकतात.

नाव शोधायची पद्धत

विकिपीडियावर आपल्या भाषेत किंवा इंग्रजीत त्या वस्तूचं पान उघडा आणि भाषांच्या यादीतून नवीन देशाची भाषा निवडा. हे शब्दकोशापेक्षा बरं, कारण पान त्या वस्तूचंच असतं. त्याच पानावर शास्त्रीय नाव मिळतं, ते फोनमध्ये लिहून ठेवा. मग मिळालेला स्थानिक शब्द तिथल्या मोठ्या सुपरमार्केटच्या ॲपमध्ये टाकून फोटो बघा. ओपन फूड फॅक्ट्स नावाचा खुला डेटाबेस आहे, त्यात बारकोड स्कॅन केला की बऱ्याच वस्तूंची घटकांची यादी दिसते. (आणि बारकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवरून माल कुठल्या देशातला ते कळतं असं जे फिरत असतं ते खरं नाही, तो बारकोड कुठे नोंदवला एवढंच त्यातून कळतं.)

शास्त्रीय नाव का लागतं त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे जिरं. स्वीडनमध्ये "कुम्मिन" लिहिलेली बाटली घेतलीत तर त्यात जिरं नसतं, कॅरवे नावाचं दुसरंच बी असतं, दिसायला जवळपास सारखं पण वास पूर्ण वेगळा. जिऱ्याला तिथे "स्पिसकुम्मिन" म्हणतात. जर्मनीत तसंच, नुसतं "क्युमेल" म्हणजे कॅरवे आणि "क्रॉइत्सक्युमेल" म्हणजे जिरं. फिनलंडमध्ये "कुमिना" पण कॅरवेच. उलट नेदरलँड्समध्ये "कोमेन" म्हणजे जिरं. इतक्या शेजारच्या देशांत एवढा गोंधळ. पाकिटावर क्युमिनम सायमिनम दिसलं तर जिरं, कॅरम कार्वी दिसलं तर कॅरवे, प्रश्न मिटला.

अशीच आणखी काही ठिकाणं आहेत जिथे लोक हमखास फसतात. तमालपत्र म्हणून युरोप-अमेरिकेत जे मिळतं ते लॉरस नोबिलिस, वेगळं झाड आहे, पानाला मधे एकच शीर असते. आपल्याकडच्या तमालपत्राला लांबीभर तीन शिरा असतात आणि वास दालचिनीकडे झुकणारा असतो. लॉरसचं पान रश्शात छान लागतं पण दालचिनीचा वास हवा असेल तर पान सोडा आणि दालचिनीचा छोटा तुकडाच टाका. दालचिनीतही दोन आहेत, कॅसियाची काडी जाड, एकाच थराची, कडक, आणि सिलोनची पातळ पापुद्र्यांची, हाताने चुरता येते. अमेरिकेत साध्या लेबलखाली बहुतेक कॅसिया असते, मेक्सिकन दुकानात सिलोन मिळते.

अमेरिकेतली "चिली पावडर" ही नुसती मिरचीपूड नसते, त्यात जिरं, लसूण, ओरेगॅनो मिसळलेलं असतं. नुसती मिरची हवी तर "ग्राउंड" शब्दापुढे मिरचीचं नाव असलेली बाटली बघा किंवा घटकांच्या यादीत एकच नाव आहे ना ते बघा. रंग हवा पण तिखट नको असेल तर गोडी पॅप्रिका, तिखटाला थोडी कायेन, दोन्ही मिसळून आपल्याला हवं तसं जमवता येतं. स्मोक्ड पॅप्रिका मात्र चुकून उचलू नका, धुराचा वास कशातही लपत नाही.

पीठ, आणि त्यावरचे ते आकडे

इथे जरा जास्त वेळ घालवूया, कारण सगळ्यात जास्त बिघाड पिठातच होतात.

जर्मनीत पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. लोकांना वाटतं हे प्रोटीन किंवा बारीकपणा. तो आकडा राखेचा आहे: १०० ग्रॅम सुकं पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम खनिज राख उरते. कोंडा जास्त तर राख जास्त, म्हणजे आकडा मोठा तर पीठ काळपट. फ्रान्समध्ये टी ४५, टी ५५, टी ६५, टी १५० हाच प्रकार, फक्त मोजायची रीत वेगळी. इटलीत ००, ०, १, २ आणि मग इंतेग्राले म्हणजे पूर्ण गव्हाचं. यातलं ०० म्हणजे मऊ पीठ असं सगळीकडे लिहिलेलं असतं पण ०० हे केकसाठीचं कमी प्रोटीनचं पण असतं आणि पिझ्झासाठीचं जास्त प्रोटीनचं पण असतं. जपानमध्ये उलट सरळ प्रोटीनवरच नावं आहेत: हाकुरिकिको म्हणजे कमी, चुरिकिको मधलं, क्योरिकिको जास्त.

म्हणून पुढचा आकडा सोडा आणि मागे पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे प्रोटीन बघा. ७ ते ९ असेल तर केक-बिस्किटं, १० ते ११.५ च्या आसपास असेल तर सगळ्या कामाचं, १२ च्या पुढे गेलं की ब्रेड. अमेरिकेत तक्ता १०० ग्रॅमचा नसतो, एका सर्व्हिंगचा असतो, साधारण ३० ग्रॅमचा, आणि प्रोटीन पूर्ण आकड्यात लिहितात म्हणून ३ ग्रॅम लिहिलं असेल तर ते ८.५ टक्के पण असू शकतं आणि ११.५ पण. तिथे कंपनीच्या साइटवर खरा आकडा बघावा लागतो.

हवं ते मिळालंच नाही तर जुळवता येतं. पीठ जास्त ताकदीचं असेल तर दर कपातले २ टेबलस्पून काढून तेवढंच कॉर्नस्टार्च घाला. पीठ कमजोर असेल तर व्हायटल व्हीट ग्लूटेन नावाची पूड मिळते, ती थोडी मिसळा. ब्रिटिश रेसिपीत सेल्फ-रेझिंग पीठ मागितलं असेल तर १५० ग्रॅम साध्या पिठात २ टीस्पून बेकिंग पावडर. अमेरिकेतल्या सेल्फ-रायझिंगमध्ये मीठ पण असतं, त्यामुळे वरून घालताना हात आखडता ठेवा. आणि पीठ कुठलंही नवीन असो, पाणी एकदम ओतायचं नाही, दहाव्या हिश्श्याइतकं मागे ठेवायचं आणि लागेल तसं घालायचं, कारण प्रत्येक पीठ पाणी वेगळं पितं.

रव्यात पण दोन जाती आहेत आणि जर्मन पाकिटावर ते सरळ लिहिलेलं असतं, वाइखवाइत्सनग्रीस म्हणजे मऊ गव्हाचा, हार्टवाइत्सनग्रीस म्हणजे ड्यूरम या कडक गव्हाचा. मऊ गव्हाचा लवकर शिजून लगदा होतो, ड्यूरमचा दाणा वेगळा राहतो. अमेरिकेत "सेमोलिना" म्हणजे ड्यूरम आणि "फरिना" म्हणजे दुसऱ्या गव्हाचा. इटलीत सेमोला रिमाचिनाता लिहिलं असेल तर ते दोनदा दळलेलं, जवळजवळ पीठच.

स्टार्चचं लवकर सांगतो. ब्रिटनमध्ये "कॉर्नफ्लोअर" म्हणजे पांढरा स्टार्च, अमेरिकेत तोच शब्द मक्याच्या पिठाला वापरतात आणि स्टार्चला कॉर्नस्टार्च म्हणतात. पोलंडमध्ये पाकिटावर शब्दशः बटाट्याचं पीठ लिहिलेलं असतं, आत बटाट्याचा स्टार्च असतो. बोटात चिमूट घेऊन दाबा, स्टार्च करकरतो, पीठ नुसतं मऊ लागतं. पाकीट उघडल्यावरच हे जमतं ही अडचण आहे, म्हणून दुकानात प्रोटीन बघा, स्टार्चमध्ये ते जवळजवळ शून्य असतं.

फुगवणाऱ्या वस्तू: इथे मात्र सावध

ब्राझीलमध्ये "फेर्मेंतो" लिहिलेलं बेकिंग पावडर पण असतं आणि यीस्ट पण. किमिको लिहिलं असेल तर बेकिंग पावडर, बायोलोजिको लिहिलं असेल तर यीस्ट. फ्रेंचमध्ये "लव्ह्यूर शिमिक" म्हणजे बेकिंग पावडर, "लव्ह्यूर द बुलांजे" म्हणजे यीस्ट. स्पेनमध्ये "लेवादुरा" चं तसंच.

खायचा सोडा जर्मनीत "नाट्रॉन" नावाने मिळतो. घटकांत सोडियम बायकार्बोनेट किंवा ई ५००(ii) दिसलं पाहिजे (नुसत्या ई ५०० मध्ये सोडियम कार्बोनेट पण येतं), आणि वस्तू खाण्याच्या रॅकवरची पाहिजे. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट वेगळा, तो खायचा नाही, आणि कॉस्टिक सोडा तर घसा जाळतो. बऱ्याच भाषांत या तिन्हींच्या नावात "सोडा" किंवा "सोसा" येतं आणि ते एकमेकांच्या जवळच्या रॅकवर पण असू शकतात. साफसफाईच्या विभागातलं बायकार्बोनेट पण खाण्यासाठी घेऊ नका, जरी रसायन तेच असलं तरी.

यीस्टचं गणित: ताजं ३ भाग असेल तर ॲक्टिव्ह ड्राय साधारण दीड भाग, इन्स्टंट १ भाग. जर्मनीतला ताज्या यीस्टचा ४२ ग्रॅमचा क्यूब म्हणजे ७ ग्रॅमच्या सुक्या दोन पुड्या, १ किलो पिठाला पुरतात.

दूध, क्रीम, चीज

टोपणाच्या रंगावर जाऊ नका, ब्रिटनमध्ये निळं म्हणजे फुल फॅट आणि लाल म्हणजे स्किम्ड, दुसऱ्या देशात रंग बदलतात. टक्के वाचा. दूध नासवून चीज करायचं असेल तर यूएचटी किंवा अल्ट्रा-पाश्चराइज्ड दूध टाळा, खूप तापवल्याने त्यातल्या प्रोटीनचं रूप बदलतं आणि गोळा नीट बांधला जात नाही, भुगा होतो. साधं पाश्चराइज्ड फ्रिजमधलं दूध घ्या. विरजणासाठी असं दही शोधा ज्याच्या यादीत फक्त दूध आणि जिवंत कल्चर आहे, जिलेटिन किंवा स्टार्च घातलेलं दही घट्ट दिसतं पण ती घट्टी उसनी असते.

क्रीमला प्रत्येक देशाने वेगळी नावं ठेवलीत: ब्रिटनमध्ये सिंगल १८ टक्के, व्हिपिंग ३५, डबल ४८. अमेरिकेत हाफ-अँड-हाफ १०.५ ते १८, हेवी क्रीम किमान ३६. जर्मनीत श्लागझाने किमान ३०. एक नियम लक्षात ठेवा, ३० च्या खालचं क्रीम आंबट रश्शात उकळलं तर फुटतं, आणि फेटायचं असेल तरी ३० च्या वरच पाहिजे. बटरसुद्धा बघून घ्या, अमेरिकेत किमान ८० टक्के फॅट, युरोपात ८२, मीठ आहे की नाही ते वेगळंच.

कंडेन्स्ड मिल्क नीट वाचा. जर्मन दुकानातलं साधं "कॉन्डेन्समिल्श" बिनसाखरेचं असतं, कॉफीत घालायचं, गोड हवं असेल तर "गेत्सुकर्ट" शब्द शोधा. नारळाचंही असंच, कोकोनट क्रीम आणि क्रीम ऑफ कोकोनट वेगळ्या वस्तू आहेत, दुसरी ड्रिंकसाठी साखर घातलेली असते.

चीज बदलताना एवढंच विचारा, तापवल्यावर वितळायला हवं की आकार धरायला हवा. आकार धरणाऱ्यात हलूमी, केसो ब्लांको, पनीर एकमेकांच्या जागी चालतात, फक्त हलूमी खारट असतं म्हणून आधी पाण्यात ठेवा.

साखर, मीठ, व्हिनेगर

जर्मनीत "गेलिअरत्सुकर" नावाची साखर साध्या साखरेच्या शेजारीच असते, त्यात जॅमसाठी पेक्टिन घातलेलं असतं, चहात टाकू नका. ब्रिटिश कास्टर शुगर (बारीक दाण्याची साखर) नसेल तर साधी साखर मिक्सरमध्ये दोन-तीन झटके फिरवा. ओलसर ब्राउन शुगर नसेल तर २०० ग्रॅम पांढऱ्या साखरेत १ टेबलस्पून खायची मळी (मोलॅसिस). आणि गूळ जगभर आहे हं, फक्त नाव वेगळं, कोलंबियात पानेला, मेक्सिकोत पिलोन्सियो, ब्राझीलमध्ये रापादुरा, जपानमध्ये कोकुतो, म्हणून लॅटिन अमेरिकन दुकान जवळ असेल तर तिथे आधी बघा.

मिठाचा चमचा फसवतो. बारीक टेबल सॉल्ट टीस्पूनमागे ६ ग्रॅमच्या आसपास भरतं, अमेरिकेतलं हलकं कोशर मीठ त्याच्या निम्मंच. लोणची आणि ब्रेड वजनानेच करा.

व्हिनेगरचे टक्के न बघता ओतायचं नाही हे मी ठामपणे सांगतो. जर्मनीत २५ टक्क्यांचं एसेन्स मिळतं, रशियन दुकानात ७० टक्क्यांचं पण मिळतं, ते थेट तोंडात किंवा डोळ्यात गेलं तर भाजतं. ५ टक्के करायचं असेल तर २५ वाल्याच्या १ भागाला ४ भाग पाणी, ७० वाल्याच्या १ भागाला १३, आणि पोलिश १० टक्केवाल्याला तेवढंच पाणी. टिकवायच्या पदार्थात ५ च्या खाली जाऊ नका. नुसता आंबटपणा हवा असेल तर सायट्रिक ॲसिड, ई ३३०, बेकिंगच्या रॅकवर नाहीतर काही देशांत औषधाच्या दुकानात मिळतं.

कडधान्यं

सोलून भरडलेल्या पिवळ्या डाळी सगळ्या सारख्याच दिसतात, तूर, हरभरा, वाटाणा, तेव्हा इथेही शास्त्रीय नावच. तूर म्हणजे कॅजानस कॅजान, इंग्रजीत पिजन पी, जमैकात गुंगो पी, पोर्तो रिकोत गांदुलेस. कॅरिबियन दुकानात ती अख्खी किंवा डब्यात हिरवी मिळते, डाळ मात्र दक्षिण आशियाई दुकानातच. हरभऱ्याचं पीठ तर इटलीत आणि दक्षिण फ्रान्समध्ये सुपरमार्केटमध्येच असतं, ब्रिटनमध्ये "ग्रॅम फ्लोअर" नावाने. इटालियन "लुपिनी" मोठ्या पिवळ्या डाळीसारखे दिसतात, ते कडू असतात, दिवसेंदिवस पाणी बदलून भिजवल्याशिवाय खायचे नाहीत.

राजमा स्लो कुकरमध्ये कच्चा टाकायची नवीन देशात लोकांना हौस येते. नको. त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रोटीन मंद आचेवर मरत नाही, आधी किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात खळखळून किमान १० मिनिटं उकळा (अमेरिकेची एफडीए ३० मिनिटं सांगते), मग हवं तिथे टाका. नळाचं पाणी जड असेल तर कडधान्य तासन्‌तास शिजत नाही, तेव्हा दोष डाळीला देऊ नका, चिमूटभर खायचा सोडा घाला किंवा फिल्टरचं पाणी घ्या.

मापं आणि ओव्हन

कप म्हटलं की विचारा, कुठला. अमेरिकेचा सुमारे २४० मिली, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलीचा असतो, बाकी बहुतेक ठिकाणी १५. बटरची अमेरिकन स्टिक ११३ ग्रॅम. अंडी पण, युरोपात एम म्हणजे ५३ ते ६३ ग्रॅम, एल म्हणजे ६३ ते ७३, आणि अमेरिकन लार्ज ५७ च्या आसपास, म्हणजे त्यांचं लार्ज ते यांचं एम. ब्रिटिश रेसिपीतला गॅस मार्क ४ म्हणजे १८० सेल्सियस, ३५० फॅरेनहाइट. ओव्हन पंख्याचा असेल तर २० डिग्री कमी. खरं सांगू का, एक साधा किचन वजनकाटा घ्या, यातलं निम्मं पाठ करायची गरज राहत नाही.

कुठे शोधायचं, आणि पर्याय कसा पारखायचा

सुपरमार्केटच्या "जागतिक पदार्थ" रॅकवर शेवटी जा. छोट्या काचेच्या बाटलीतला मसाला तिथे महाग पण असतो आणि जुना पण. आधी तुर्की किंवा अरबी दुकान (मसाले, कडधान्यं, तीळ, डाळिंबाचा आंबट रस), मग पूर्व आशियाई (तांदूळ, तांदळाची पिठं, ताजी पानं, आलं), लॅटिन अमेरिकन (मिरच्या, कच्ची केळी, कणसाची पानं), आफ्रिकन (कंद, शेंगदाणे), ऑरगॅनिक दुकान (नाचणी, ज्वारी, बाजरी अशी बिनग्लूटेन पिठं). ज्वारीच्या पिठाला अमेरिकेत "सोर्गम फ्लोअर" या नावाने शोधून बघा. या दुकानांत फ्रीझर नीट बघायचा, पुष्कळ पानं, किसलेला नारळ, कंद गोठवलेलेच असतात आणि सुकवलेल्यापेक्षा चांगले लागतात. आणि काउंटरवर विचारा, फोटो दाखवा, तिथले लोक स्वतः याच शोधातून गेलेले असतात, आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं त्यांना.

पर्याय मिळाला की लगेच पाहुण्यांसाठी करू नका. अर्ध्या मापात करा आणि एका वेळी एकच वस्तू बदला, पीठ आणि चीज दोन्ही नवीन असतील तर बिघडलं कशाने ते कळत नाही. वहीत ब्रँड, आकडा आणि "पाणी जास्त लागलं" असं दोन शब्द लिहा. पुढच्या वेळी रिकामं पाकीट फेकण्याआधी मागचा फोटो काढायचा, कारण दुकानवाले डिझाइन बदलतात आणि तेच पाकीट समोर असून ओळखू येत नाही.

खिडकीत काही लावायचं असेल तर मेथी, मोहरी, धणे हे खाण्याच्या पाकिटातलेच पेरून बघा, बऱ्याचदा उगवतात, धणे थोडे चेचून पेरायचे. उलटं मात्र करू नका, बागकामाच्या दुकानातलं पेरायचं बियाणं मोड आणायला किंवा फोडणीत वापरायचं नाही, त्यावर बुरशीनाशक लावलेलं असू शकतं.